सोसायटीत ईव्ही चार्जिंग: वर्षभराचा अनुभव, पैसे वायरिंगवर घाला

मुलुंडला राहतो, ऑफिस बीकेसीला, गाडी नेक्सॉन ईव्ही, ३० युनिटवाली (म्हणजे ३० किलोवॅट-तासाची) छोटी बॅटरी. मागच्या पावसाळ्याआधी घेतली, आता दुसरा पावसाळा सुरू झालाय. गाडीबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय, मी फक्त घरच्या चार्जिंगबद्दल लिहितो कारण मुंबईत ईव्ही घ्यावी की नाही हे खरं तर तिथेच ठरतं.

पहिलं म्हणजे १५ अँपिअरचा साधा स्लो चार्जर पुरतो का? मुंबईत आरामात पुरतो. तो साधारण ३.३ किलोवॅट ओढतो, म्हणजे तासाला ३ युनिट बॅटरीत जातात. रात्री ११ ला लावली आणि सकाळी ७ ला काढली तर २४ युनिटच्या आसपास, युनिटला ६ किमी धरले तरी १४०-१४५ किमी झाले की! माझं जाऊन येऊन रोजचं ४०-४५ किमी, अडीच-तीन तासांत भरून निघतं. ७.२ किलोवॅटच्या वॉल बॉक्सच्या (भिंतीवर बसवायच्या जास्त स्पीडच्या चार्जरच्या) मागे सगळे लागतात पण आधी बघा तुमच्या गाडीतला ऑनबोर्ड चार्जर तेवढं घेतो का, बऱ्याच छोट्या मॉडेलमध्ये तो ३.३ चाच असतो, मग बॉक्स कितीही मोठा लावा, स्पीड तोच. वर वीज कंपनीकडून मंजूर लोड वाढवून घ्यायचा खर्च वेगळा.

ते पैसे वायरिंगवर घाला, अगदी कळकळीने सांगतो. गीझरसुद्धा १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालतो, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी तोच लोड सलग सात-आठ तास ओढते. आमच्याच सोसायटीत एकांनी कॉमन पॅसेजमधल्या जुन्या पॉइंटवर लावायला सुरुवात केली, थोड्याच दिवसात सॉकेट पिवळं पडलं आणि प्लगला हात लावला तर चटका बसत होता. नशीब वेळेत लक्षात आलं. मुंबईत मीटर रूम एका टोकाला आणि आपलं पार्किंग दुसऱ्या टोकाला असतं, माझ्याकडे ४० मीटर केबल लागली. इलेक्ट्रिशियन २.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकू म्हणत होता, तेवढ्या अंतरावर फुल लोडला ८-९ व्होल्ट वायरच खाते आणि ती तापते ते वेगळं. मी ६ स्क्वेअर एमएमची कॉपर आर्मर्ड (वरून स्टीलचं कवच असलेली) केबल टाकून घेतली. मीटरजवळ एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, ही आरसीसीबी अजिबात टाळू नका, करंट लीक झाला तर माणसाला वाचवते ती. आणि अर्थिंग! जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नावापुरतं असतं, ते नीट नसेल तर चार्जर लाल लाइट दाखवून थांबतो आणि लोक गाडीला दोष देत बसतात. मी स्वतंत्र अर्थिंग करून घेतलं, पूर्ण वर्षात एकदाही फॉल्ट नाही.

सॉकेट छातीच्या उंचीवर, लॉकवाल्या पत्र्याच्या पेटीत. आमच्या स्टिल्टमध्ये (बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये) जुलैत पाणी साचतं, त्यामुळे खाली जमिनीलगत काहीच ठेवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. लटकणाऱ्या चार्जरच्या डब्यासाठीपण हुक मारून घ्या, तो फक्त केबलच्या जिवावर लोंबकळत राहिला तर प्लग सैल होतो आणि सैल प्लग म्हणजे परत तापणं आलंच.

आता मीटर. घरच्याच मीटरवरून घेतलं तर चालतं, पण स्लॅबचा हिशोब करा. महिन्याला १००० किमी म्हणजे १६०-१७० युनिट, चार्जिंगमधला लॉस धरला तर अजून थोडे जास्तच. घराचे आधीच अडीचशे होत असतील तर गाडीचे निम्म्याहून जास्त युनिट ३०० च्या पुढच्या महाग स्लॅबमध्ये पडतात. ईव्हीसाठी वेगळा मीटर घेतला की त्याची टॅरिफ कॅटेगरीच वेगळी, स्लॅबच नाही. मी तोच घेतला. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर यापेक्षा खूपच जास्त आणि वर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे तिकडे मी फक्त पुण्याला किंवा गावी जाताना जातो.

कमिटीने सुरुवातीला एनओसीसाठी खूप लटकवलं, आग लागेल, कॉमन लाइट बिल वाढेल वगैरे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये मालक आपल्या घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू शकतो असं स्पष्ट म्हटलं होतं, त्याची प्रिंट आणि केबलचा रूट दाखवणारं ड्रॉइंग अर्जासोबत जोडलं, मग सेक्रेटरी काकाच म्हणाले की असं कागदावर आधी कोणी आणून दिलंच नव्हतं. भांडण्यापेक्षा हे करा, खरंच.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, ती पूर्ण चार्ज केलेली चालते, त्यामुळे रोज ८० टक्क्यांना थांबवायचं टेन्शन घेत नाही. अधूनमधून स्लो चार्जरवर १०० करतो, सेल बॅलन्स होतात आणि दिसणारा टक्का बरोबर राहतो. रेंजमध्ये मला तरी फरक जाणवला नाही अजून.

आता बिल्डिंगमधले अजून तिघं ईव्ही घ्यायच्या विचारात आहेत. प्रत्येकाने आपापली केबल भिंतीवरून ओढली तर स्टिल्टचं जंगल होईल आणि चार-पाच गाड्या रात्री एकदम लागल्या तर बिल्डिंगच्या मेन केबलवरचा लोडपण बघावा लागेल, म्हणून येत्या एजीएममध्ये सगळ्यांसाठी एकच केबल ट्रे आणि मीटर रूममध्ये ईव्हीचं वेगळं पॅनल असा प्रस्ताव ठेवतोय. कोणाच्या सोसायटीत असं केलं असेल तर खर्च कसा वाटून घेतला ते नक्की सांगा.