पंखा न लावता फिरणारी मोटार

मोडकं इलेक्ट्रिक आरसी (रिमोटवर उडणारं) विमान घ्यायचं आणि त्यातले भाग काढून नव्या सांगाड्यात बसवायचे, हा आम्हा हौशी लोकांचा जुना उद्योग. आपटल्यावर फोम फुटतो, पंख दुमडतो, पण मोटार, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी), रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) बहुतेक वेळा शाबूत राहतात. म्हणून अशी जाहिरात दिसली की हात शिवशिवतात. पावसाळा संपल्यावर मी असंच एक विमान पुण्यात ऑनलाइन जाहिरात बघून घेतलं आणि विकणाऱ्याने मला अगदी पद्धतशीर गंडवलं. त्याची पद्धत डोक्याने बेतलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरातीत सव्वा मीटर पंखांचा ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान होतं. २२१२ मापाची १००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटार, ४० अँपिअरचा ईएससी, ९ ग्रॅमचे चार सर्वो, रिसीव्हर आणि ३ सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. सगळं मिळून अठ्ठावीसशे रुपये. किंमतही विचार करून लावलेली: मोह पडावा इतकी कमी, पण संशय यावा इतकी नाही. "दादा, कॉलेजच्या प्रोजेक्टला बनवलं होतं, पोरं नोकरीला लागली, आता नुसतं पडून आहे," असं फोनवर सांगितलं. सोबत व्हिडिओ आला. फुलाफुलांच्या मेणकापडावर विमान ठेवलेलं, थ्रॉटल वर जातोय, मोटार सुंई करून फिरतेय, एलेरॉन (पंखांमागच्या हलत्या फळ्या) फडफडतायत. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली.

मोटारीवर प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा नव्हता. मी विचारलं. तो म्हणाला, "घरात कसा लावणार दादा? बोटं जातील की!"

यात खोट काढायला जागाच नव्हती. टेबलावर काम करताना प्रॉप काढूनच ठेवायचा, हे आपण प्रत्येक नवख्याला बजावतो. त्याने नेमका हाच नियम पुढे केला. पण प्रॉपशिवाय ही मोटार जेमतेम अर्धा-पाऊण अँपिअर ओढते. १० इंची प्रॉप लावला की तीच मोटार १५ अँपिअरच्या आसपास जाते. अर्धा अँपिअर तर मरायला टेकलेली बॅटरीही देते. आणि व्होल्टेजचं म्हणाल तर अंतर्गत रोध वाढलेली बॅटरीसुद्धा चार्जरवरून काढल्या काढल्या १२.६ दाखवते. व्हिडिओत एकही गोष्ट खोटी नव्हती, फक्त कुठल्याच भागावर भार नव्हता.

व्यवहार मेट्रो स्टेशनखाली झाला. खोकं चिकटपट्टीने गच्च बांधलेलं, त्याला घाई, पैसे यूपीआयने.

घरी आल्यावर पहिली शंका वजनाने आली. २२०० ची ३ सेल लिपो साधारण १७० ते १९० ग्रॅम भरते. ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर १२६ भरली. मग प्रॉप लावला, विमान गच्चीच्या कठड्याला पक्कं बांधलं, मध्ये वॉटमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह दाखवणारा मीटर) जोडला. अर्ध्या थ्रॉटललाच व्होल्टेज ९.४ वर घसरलं आणि ईएससीने मोटारीची वीज तोडायला सुरुवात केली. हवेत हे झालं असतं तर विमान कुणाच्या तरी डोक्यावर आलं असतं.

बॅटरीचं वेष्टण गच्चीवरच, शेजारी वाळूची बादली ठेवून कापलं. (तुम्ही कापू नका. ब्लेड सेलला लागलं तर पेट घेतो.) वरचं निळं हीट श्रिंक (तापवलं की घट्ट बसणारं प्लॅस्टिक) आणि चकचकीत स्टिकर नवे. खाली दुसऱ्याच कंपनीचं करडं वेष्टण, त्यावरचा १३०० हा आकडा खरवडलेला, तरी तिरक्या उजेडात वाचता येत होता. मधला सेल फुगलेला. तो फुगवटा बाहेरून दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारलेल्या. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला, म्हणजे सेल गळत होता.

मग बाकीचं तपासलं. ईएससीवर ४० चं स्टिकर, आत बोर्डावर छापलेलं २०. मोटारीचा शाफ्ट वाकलेला. नुसता फिरताना डोळ्याला कळत नाही, प्रॉप लावला की अख्खं नाक थरथरतं. चारपैकी दोन सर्वोंचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेले. एलेरॉन मोकळा असला की छान हलतो, बोटाने जरा अडवला की आतून कट-कट. पंखाचा जोड मात्र बरा होता, खरं सांगायचं तर.

फोन केला तर उत्तर तयार होतं: "चालू स्थितीत दिलंय दादा, व्हिडिओ आहे माझ्याकडे." ज्या व्हिडिओने मला फसवलं तोच आता त्याचा पुरावा! त्यानंतर नंबर ब्लॉक. काही दिवसांनी तोच व्हिडिओ, तेच मेणकापड, दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसलं. विमान माझ्या गच्चीवर आणि विक्री चालूच.

म्हणून कुणी जुनं विमान विकत असेल तर प्रॉप लावलेला, विमान बांधून घेतलेला, वॉटमीटर दिसणारा व्हिडिओ मागा आणि कागदावर तुमचं नाव लिहून चौकटीत ठेवायला सांगा. तो "घरात नाही जमणार" म्हणाला तर मैदानात भेटा, प्रॉप तुम्ही न्या. खिशात छोटा वजनकाटा असू द्या, स्टिकर बदलता येतं पण वजन बदलणं अवघड. शक्य असेल तर सेलचा अंतर्गत रोध मोजणारा चार्जरही न्या. तिन्ही सेलचे आकडे जवळपास सारखे हवेत, एखादा दुप्पट-तिप्पट दिसला तर ती बॅटरी फुकटातही नको. सर्वो बोटाने अडवून पाहा. आणि जुनी लिपो शक्यतो हिशोबातच धरू नका, बॅटरी नवीच घ्या.

साइटवर दोन्ही जाहिरातींची तक्रार केली. दुसरी काढली गेली, पैसे काही मिळाले नाहीत. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवरही नोंद केली आहे, चॅट आणि यूपीआयच्या पावतीसह. त्याच मेणकापडावरचा व्हिडिओ बघून कुणी पैसे दिले असतील तर त्यांनीही नोंदवावी, एकाच नंबरवर दोन-चार तक्रारी असल्या तर दखल लवकर घेतली जाईल. बॅटरी गाडीच्या इंडिकेटरच्या बल्बवर पूर्ण उतरवून ई-कचऱ्यात दिली. रिसीव्हर आणि दोन सर्वो नव्या सांगाड्यात बसलेत, मोटारीसाठी ३.१७ मिलिमीटरचा शाफ्ट मागवला आहे.