कॅनडा शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीची प्रशिक्षणं आणि साहित्य: वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

ओंटारिओत सातवी-आठवीचा इतिहास, नववीचा भूगोल किंवा दहावीचा इतिहास वाट्याला आला की शिकवण्याआधी स्वतःच शिकायची वेळ येते. भारतातून बी.एड. करून आलेल्या मराठी शिक्षकांना तर जास्तच. वर्ग सांभाळायचा हात बसलेला असतो, पण न्यू फ्रान्स (फ्रेंचांची जुनी वसाहत), इंडियन ॲक्ट (मूलनिवासींवरचा कायदा), क्रमांकित करार (सरकार आणि मूलनिवासींमधले) यांतलं काहीच शाळेत कानावरून गेलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणून कोर्स, कार्यशाळा, नकाशे, चित्रफिती यांची रेलचेल आहे आणि बरंचसं फुकट आहे. सप्टेंबर ते जून या पूर्ण शैक्षणिक वर्षात वापरून पाहिलेल्या गोष्टींबद्दल हे लिहीत आहोत.

निवड करताना एक फरक ध्यानात ठेवा. काही गोष्टी शिक्षकाला शिकवतात, काही थेट वर्गात चालतात आणि काही पगाराच्या श्रेणीत मोजल्या जातात. तिन्ही एकाच ठिकाणी मिळत नाहीत. जाहिरात वाचताना मात्र मिळतील असं वाटतं.

‘इंडिजिनस कॅनडा’: शिक्षकासाठी उत्तम, वर्गासाठी कच्चा माल

अल्बर्टा विद्यापीठाच्या नेटिव्ह स्टडीज विभागाचा हा कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन व्यासपीठावर २०१७ पासून आहे. बारा धडे, एकूण वीसेक तासांचं काम. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर पैसे. मूलनिवासींच्या जगदृष्टीपासून सुरुवात करून फर व्यापार, करार, निवासी शाळा (मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवलं त्या), जमिनीचे हक्क, मूलनिवासी स्त्रिया, शहरी जीवन असा प्रवास आहे. आठवड्याला एक धडा झेपतो. दोन करायला गेलात तर तिसऱ्या-चौथ्या धड्यातल्या कायद्यांची आणि सालांची भेळ होते. १७६३ ची राजघोषणा, १८७६ चा इंडियन ॲक्ट, १९६९ ची श्वेतपत्रिका, १९८२ च्या राज्यघटनेतलं कलम ३५ असा एक पट्टा भिंतीवर लावून ठेवा. पुढचे धडे सारखे मागे बोट दाखवत राहतात.

करारांचा धडा सगळ्यात कसदार. १८७६ च्या करार क्र. ६ चं उदाहरण घ्या. कागदावर जमीन कायमची सोडून दिल्याची भाषा आहे. क्री लोकांच्या मौखिक परंपरेत मात्र जमीन वाटून वापरायची होती, तीही नांगराच्या फाळाइतक्या खोलीपर्यंतच. त्याच करारात औषधांच्या पेटीचं कलम आहे. त्याचा अर्थ फक्त पेटी की पूर्ण आरोग्यसेवा, यावर आजही वाद चालतो. दहावीच्या वर्गात ही दोन वाचनं शेजारी शेजारी ठेवली की ‘ऐतिहासिक दृष्टिकोन’ म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एक, कोर्सचा कल प्रेअरी प्रांतांकडे आहे, आणि अल्बर्टातून निघालाय म्हटल्यावर ते ओघानं आलंच. ओंटारिओच्या वर्गासाठी १८५० चे रॉबिन्सन करार, १९२३ चे विल्यम्स करार आणि आपली शाळा ज्या जमिनीवर आहे तिथला करार स्वतः जोडावा लागतो. ब्रॅम्प्टनमध्ये शिकवत असाल तर १८१८ चा एजेटन्स करार, म्हणजे करार क्र. १९. प्रांत सरकारचा करारांचा नकाशा उघडला की दोन मिनिटांत सापडतो. हे काम ऑक्टोबरअखेर उरका, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात ओंटारिओत करार-मान्यता सप्ताह असतो आणि तेव्हा सगळी शाळा एकाच साहित्यामागे धावत असते.

दोन, कोर्सची मूळ आखणी २०१७ ची. बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांवरच्या राष्ट्रीय चौकशीचा अंतिम अहवाल जून २०१९ मध्ये आला, त्यात न्यायासाठीची २३१ आवाहनं आहेत. कॅम्लूप्सच्या जुन्या निवासी शाळेजवळ बेनाम कबरी असाव्यात ही घोषणा मे २०२१ ची, मूलनिवासींच्या हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याचा केंद्रीय कायदा त्याच वर्षी जूनमधला. हे सगळं वेगळं वाचून घ्या.

तीन, चाचण्या बहुपर्यायी आहेत आणि पुन्हा देता येतात. म्हणून प्रमाणपत्रावरून कोणी किती शिकलं हे कळत नाही. पगाराच्या श्रेणीतही ते मोजलं जात नाही, तेव्हा त्यासाठी पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा.

निवासी शाळांचा पाचवा धडा सातवीच्या मुलांना जसाच्या तसा दाखवू नका. तो प्रौढांसाठी आहे. आधी पालकांना पत्र, शाळेच्या समुपदेशकाला कल्पना आणि वर्गातून उठून बाहेर जायची मुभा, एवढं तरी ठरलेलं असावं. वर्गात एखादं मूलनिवासी मूल असेल तर त्याला ‘तू सांग, तुमच्याकडे काय झालं?’ असं चुकूनही विचारू नये. हेतू कितीही चांगला असला, तरी त्या मुलाला वर्गाचा साक्षीदार करून उभं करण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

जमिनीवरचा महाकाय नकाशा

कॅनेडियन जिओग्राफिकचा शिक्षण विभाग कॅनडातल्या शाळांना जमिनीवर अंथरायचे नकाशे उसने देतो. त्यांचे पैसे पडत नाहीत. मूलनिवासी ॲटलासवर आधारलेला नकाशा साधारण ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. त्यावर प्रांतांच्या सीमा नाहीत आणि खरी गंमत तिथेच आहे. मुलं आधी ओंटारिओ शोधतात, सापडत नाही, मग हडसन उपसागर आणि पंचमहासरोवरांवरून अंदाज बांधू लागतात. सीमा माणसांनी नंतर आखल्या, हे सांगायला दुसरा तास लागत नाही.

मूळ ॲटलास २०१८ मध्ये चार खंडांत निघाला: फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटी (हे मूलनिवासींचे तीन गट) आणि सत्य व समेट. नकाशा मागवण्याआधी शिक्षकाने निदान शेवटचा खंड चाळलेला बरा. नकाशावर निवासी शाळांच्या जागाही आहेत आणि मुलांचे प्रश्न तिथेच सर्वात टोकदार येतात.

आता मोजमाप. वर्गखोलीत हा नकाशा मावत नाही. व्यायामशाळा लागते. व्हॉलीबॉलचं मैदान १८ बाय ९ मीटरचं असतं, तेव्हा त्याच्या आखलेल्या रेषांच्या आत नकाशा बसतो आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर चालायला उरतो. जाळ्याचे खांब मात्र आधी काढून ठेवावे लागतात. बूट बाहेर, फक्त मोजे. पेन, पाणी, खाऊ काहीही आत नाही. उघडायला पंधरा मिनिटं, घडी घालायला तेवढीच. म्हणजे ७५ मिनिटांच्या तासातली जेमतेम ४५ हातात राहतात. शक्य असेल तर जोडतास घ्या, किंवा सकाळी एकदाच अंथरून दिवसभर वेगवेगळे वर्ग आणा. दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण घडी घालण्यातच नकाशाचे हाल होतात. चार मोठी माणसं लागतात, हवा काढत काढत एकाच दिशेने गुंडाळत जायचं. मुलांवर सोडलं की कोपऱ्यात फुगा धरतो आणि पिशवीत काही केल्या बसत नाही.

नकाशाचं आरक्षण आणि व्यायामशाळेचं आरक्षण या दोन वेगळ्या भानगडी आहेत. क्रीडाशिक्षकाशी आधी बोला, मग नकाशाची तारीख मागा. उलट केलंत तर नकाशा येतो नेमका बास्केटबॉल स्पर्धेच्या आठवड्यात. ३० सप्टेंबरच्या आसपासच्या तारखांना सर्वाधिक मागणी असते. २०२१ पासून तो दिवस राष्ट्रीय सत्य आणि समेट दिन म्हणून पाळला जातो. त्या तारखा उन्हाळ्याच्या सुटीआधीच पकडाव्या लागतात. फेब्रुवारीत मात्र कोणी विचारत नाही.

कॅनडाबाहेरच्या शाळांना हा नकाशा मिळत नाही. पुण्या-मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांना त्याच संस्थेचे तुकड्यातुकड्यांनी छापून जोडायचे नकाशे वापरता येतात. तिथे एक बारीक अडचण येते. ते लेटर आकाराच्या कागदासाठी मांडलेले असतात, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-४ म्हणजे २१० बाय २९७. ‘मूळ आकारात’ छापलं तर रुंदीतले सहा मिलिमीटर कापले जातात आणि शेजारचे तुकडे जुळत नाहीत. ‘पानात बसवा’ असं सांगितलं तर सगळं सुमारे ९७ टक्क्यांवर येतं आणि तुकडे जुळतात, पण नकाशावर छापलेलं अंकप्रमाण मग खोटं ठरतं. अंतरं मोजताना मुलांना रेषाप्रमाणच वापरायला लावा, ते कागदाबरोबरच आकसलेलं असतं.

जनगणनेची आकडेवारी

स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या जनगणना-प्रोफाइलला प्रशिक्षण म्हणावं का हा प्रश्नच आहे, पण नववीच्या भूगोलात याहून उपयोगी दुसरं काही सापडलं नाही. आपल्या गावाचं नाव टाका, मातृभाषेच्या यादीत इंडो-आर्यन गटात खाली जा, तिथे मराठीही सापडते. गुजराती, पंजाबी, उर्दूच्या आकड्यांशी तुलना करा. स्थलांतराचा पाठ मुलांच्या घरापासून सुरू होतो.

थोड्या वेळात कोणीतरी हात वर करून म्हणतं, बेरीज जुळत नाही. जुळणारच नाही. व्यक्तींची ओळख लपावी म्हणून प्रत्येक आकडा पाचाच्या किंवा दहाच्या पटीत यादृच्छिकपणे वर-खाली केलेला असतो, बेरीजही वेगळी गोल केलेली असते. शिवाय मातृभाषा सगळ्यांना विचारलेली, तर वांशिक मूळ आणि स्थलांतराचे प्रश्न २५ टक्के घरांच्या नमुन्यावरचे. दोन तक्त्यांतली एकूण लोकसंख्या त्यामुळे वेगळी दिसते. हे आधीच फळ्यावर लिहून ठेवलं तर अर्धा तास वाचतो. मुद्दाम लिहू नये असंही एक मत आहे, कारण मुलांनी स्वतः अडखळून विचारलेला प्रश्न जास्त टिकतो. लहान गावांचे आकडे घ्यायचे असतील तर पहिला मार्ग बरा. तिथे एकेका भाषेचे ५ आणि १० च दिसतात आणि त्यावरून मुलं भलते निष्कर्ष काढतात.

एका मिनिटाच्या चित्रफिती आणि चार संकल्पना

हिस्टोरिका कॅनडाच्या ‘हेरिटेज मिनिट्स’ १९९१ पासून आहेत. एकेक जवळपास साठ सेकंदांची. वर्ग सुरू करायला झकास, पण त्यावरच तास संपवला तर मुलांकडे एक शूर माणूस आणि एक दुष्ट व्यवस्था एवढंच उरतं. व्हायोला डेझमंड या कृष्णवर्णीय स्त्रीवरची चित्रफीत घ्या. ८ नोव्हेंबर १९४६, न्यू ग्लासगोतलं चित्रपटगृह, गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेवरून उठायला नकार. पण खटला भरला गेला तो करमणूक-करातल्या एका सेंटच्या फरकावरून, आणि दंड व खर्च मिळून २६ डॉलर. वंशभेदाचा कागदावर उल्लेखच नाही. चित्रफितीनंतर मुलांना विचारायचं: कायद्यात वंशाचं नावही नसताना कायदा वंशभेद कसा करतो? माफी २०१० मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, आणि दहा डॉलरच्या नोटेवर चेहरा २०१८ मध्ये. एवढ्या सामग्रीत कारण-परिणाम आणि सातत्य-बदल दोन्ही बसतात.

इथे एक घोळ नेहमी होतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या पीटर साइक्सस यांच्या मांडणीत ऐतिहासिक विचाराच्या सहा संकल्पना आहेत. कार्यशाळांत सहाही शिकवतात. ओंटारिओच्या अभ्यासक्रमात मात्र चारच घेतल्या आहेत: महत्त्व, कारण-परिणाम, सातत्य-बदल आणि दृष्टिकोन. पुरावा आणि नैतिक बाजू शिकवाव्यातच, पण मूल्यमापनाच्या तक्त्यात चारच लिहा, नाहीतर विभागप्रमुख कागद परत पाठवतात.

दहावीचा इतिहास १९१४ पासून सुरू होतो. भारतीय स्थलांतरितांना घेऊन निघालेलं कोमागाता मारू हे जहाज त्याच वर्षी व्हँकूवरला आलं, ३७६ प्रवासी, ‘अखंड प्रवासा’च्या (मायदेशातून कुठे न थांबता थेट यायचं या) नियमाखाली दोन महिने बंदरात अडकवून परत पाठवलं. सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने यावरची कागदपत्रं, छायाचित्रं ऑनलाइन मांडली आहेत, ती वर्गात थेट चालतात. फक्त तो पाठ भारतीय वंशाच्या मुलांसाठीचा ‘खास पाठ’ करू नका. तो स्थलांतर कायद्याचा पाठ आहे.

ब्लँकेट एक्सरसाइज (जमिनीवर अंथरलेल्या ब्लँकेटांवर उभं राहून मूलनिवासींची जमीन कशी गेली हे अनुभवायचा उपक्रम) शाळेत घ्यायची असेल तर प्रशिक्षित सूत्रधार आणि मूलनिवासी ज्येष्ठ यांच्याशिवाय नको. त्यांच्या मानधनाची तरतूद आधी मुख्याध्यापकांकडून मंजूर करून घ्या. संहिता डाउनलोड करून शिक्षकांनीच चालवलेली पाहण्यात आली आहे. शेवटी मुलं गप्प बसतात आणि पुढे काय बोलायचं हे कोणालाच माहीत नसतं.

पगाराशी संबंध असलेलं एकच

अतिरिक्त पात्रता कोर्स, म्हणजे एक्यू. १२५ तास, फी साधारण सहाशे ते आठशे डॉलर. ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्सची (शिक्षकांना परवाना देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या संस्थेतूनच करायचा, मग तो तुमच्या पात्रतापत्रावर चढतो. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट अभ्यासावरचा एक्यू या विषयाला सर्वात जवळचा. पण पात्रतापत्रावर चढणं वेगळं आणि पगाराची श्रेणी वाढणं वेगळं. प्राथमिक आणि कॅथॉलिक शाळांतल्या शिक्षकांसाठी श्रेणी क्यूइको ही पात्रता तपासणारी संस्था ठरवते, सार्वजनिक माध्यमिकसाठी ओएसएसटीएफ या शिक्षक संघटनेचा प्रमाणन विभाग. दोघांचे निकष सारखे नाहीत आणि परदेशी पदवी असेल तर कोणता कोर्स मोजला जाईल हे तिथूनच लेखी विचारून घ्या. फी भरल्यावर कळलं तर उपयोग नाही. ऑनर स्पेशलिस्ट या एका विषयातल्या वरच्या पात्रतेकडे डोळा असेल तर दोन वर्षांचा अध्यापनानुभव आधी लागतो.

सीमेपलीकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या मराठी शिक्षकांसाठी वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठ उन्हाळ्यात ‘स्टडी कॅनडा’ शिबिर भरवत आली आहेत. पूर्वेकडे मेन विद्यापीठ आणि न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गचं कॅनडा अभ्यासकेंद्र आहे. हे उपक्रम बऱ्याच अंशी सरकारी अनुदानावर चालत आले आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकावर विसंबून विमानाचं तिकीट काढू नका. त्या वर्षीचा कार्यक्रम आणि शिष्यवृत्ती दोन्ही जाहीर झाल्याची खात्री झाली की मगच अर्ज करा, आणि आपल्या जिल्ह्याकडून त्या तासांचं श्रेय मिळणार का, तेही त्याच वेळी विचारा.