ब्लॉगसाठी ‘रीच’ (जास्त लोकांपर्यंत पोहोच) विकत घेण्याआधी हे वाचा

सोशल मीडिया मार्केटिंग करणाऱ्या एका एजन्सीने माझ्या ब्लॉगची जी वाट लावली, ती इतर लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

ब्लॉगला वाचक मोजके होते, पण जो यायचा तो लेख शेवटपर्यंत वाचायचा, उलट प्रश्नही विचारायचा. एजन्सीच्या माणसाने माझे दोन-तीन लेख खरंच वाचले होते, त्यामुळे त्याच्या बोलण्यावर विश्वास बसला. जाहिराती, फॉलोअर, बॅकलिंक (इतर साइटवरून आपल्या ब्लॉगकडे येणाऱ्या लिंक) सगळं आम्ही बघतो म्हणाला, पैसे आगाऊ घेतले आणि कामासाठी फेसबुक पेजचा पूर्ण ताबाही मागून घेतला.

पहिला रिपोर्ट आला तो चढत्या आलेखांचा. मी ब्लॉगवरच्या भेटी मोजणारं गूगल अॅनालिटिक्स उघडलं, तर भेटी वाढलेल्या होत्या खऱ्या, पण सगळ्या एकाच पानावर, जेमतेम सेकंदभराच्या, आणि मराठी कोणी वाचत नाही अशा देशांतून आलेल्या. नव्या फॉलोअरांची प्रोफाइल उघडून पाहिली. स्वतःची एकही पोस्ट नाही, पण हजारो पेज फॉलो केलेली. माझ्या शिक्षकांच्या निधनावर लिहिलेल्या लेखाखाली ‘ऑसम पोस्ट!’ अशी कमेंट होती, अंगठ्यासकट. ती वाचून संताप आला.

नुसते पैसे गेले असते तर एवढं लिहिलं नसतं. कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे फेसबुक बऱ्याच अंशी प्रतिसादाच्या अंदाजावर ठरवतं. जानेवारी 2018 मध्ये तर त्यांनी जाहीरच केलं, की पेजपेक्षा मित्र आणि नातेवाईकांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. पेजचा रीच आधीच आटलेला, त्यात ढीगभर मुकी खाती भरली की प्रतिसादाचं प्रमाण आणखी घसरतं आणि माझ्या जुन्या वाचकांनाच माझी पोस्ट दिसेनाशी होते. माझ्याबाबतीत तेच झालं.

बॅकलिंकचं प्रकरण त्याहून वाईट. गूगल सर्चमध्ये वर दिसण्यासाठी, म्हणजे रँकिंगसाठी, विकत घेतलेल्या लिंक गूगलच्या धोरणात बसत नाहीत. असल्या लिंकना चाप लावायला 2012 मध्ये त्यांनी सर्चमध्ये पेंग्विन अपडेट नावाचा बदल आणला होता. साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये अनैसर्गिक लिंकची नोटीस आली तेव्हा मला कळलं, की भलत्यासलत्या साइटवर माझ्या ब्लॉगच्या लिंक पेरून ठेवल्या आहेत. ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या अॅडसेन्सचंही तसंच. बनावट ट्रॅफिक कोणीही पाठवलेलं असो, जबाबदार खातेदारच. कमाई कापली जाते, खातं बंदही होऊ शकतं.

जाब विचारला तर आधी ‘सगळे असंच करतात’, मग फोन बंद, आणि नंतर मलाच माझ्या पेजवरून काढून टाकलं. पूर्ण ताबा असलेला माणूस दुसऱ्याला काढू शकतो, हे ठाऊक असू द्या. कोणालाही फक्त जाहिरातींपुरता अॅक्सेस द्या. जाहिरात खातं स्वतःच्या नावावर ठेवा, म्हणजे कशावर किती खर्च झाला ते तुम्हाला थेट दिसतं; मला त्यांची स्वतः बनवलेली एक्सेल शीट मिळायची, मूळ बिल कधीच नाही. आणि ‘इतके फॉलोअर, इतक्या दिवसांत’ अशी हमी कोणी दिली, तर ते नेमके कुठून आणणार हे लेखी मागा. सरळ उत्तर आलं नाही, तर एक पैसाही देऊ नका.

लिंक काढून टाकायला मी त्या साइटवाल्यांना मेल पाठवतोय. जे दाद देत नाहीत त्यांच्या लिंक गूगलच्या डिसअव्हाउ टूलमध्ये (या लिंक माझ्या धरू नका, असं गूगलला कळवायची सोय) टाकतोय. पेज अजून परत मिळालेलं नाही.