न खाजणारी पिशवी

रक्कम आधी सांगून टाकतो, कारण तिचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. १३,५७० रुपये. कशाचे? लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी चार्ज करताना जिच्यात ठेवतात त्या पिशवीचे. नऊ पिशव्या.

आणि मी पोटासाठी काय करतो? रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासतो. एकवीस वर्षं. हसून घ्या.

आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा नाद असलेल्यांना पिशवी कशाला लागते ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच: या बॅटरीच्या पॅकमधला सेल ४.२ व्होल्टच्या वर चढला, आत कुठे शॉर्ट झाला किंवा गाडी आपटून कोपरा चेपला, की पॅक फुगतो, आणि कधी थेट पेट घेतो. तो फडकं टाकून विझत नाही. म्हणून काचतंतूच्या कापडाची पिशवी. ती आग विझवत नाही, ज्वाळा आत धरते आणि आपल्याला दोन-चार मिनिटं मिळवून देते. धूर तर खऱ्या पिशवीतूनही बाहेर येतोच.

आम्ही सातजण रविवारी सकाळी खारघरला डोंगराच्या पायथ्याशी गाड्या पळवतो. तिथल्याच एकाने कुठल्यातरी ग्रुपवरचा, अशा पिशव्या विकणाऱ्याचा नंबर दिला. माणूस गोड बोलणारा. ‘दादा, बाजारात तीनशे-चारशेला जी मिळते ना, ती नुसती चंदेरी रेक्झिन. माझी अस्सल आहे, म्हणून महाग आहे.’ किंमत १,३५०. इथेच तो जिंकला. स्वस्त मालाला फसतो तो मूर्ख, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय. महाग मालाला फसायची माझी तयारीच नव्हती.

तरी मी नमुना मागितला. मी आंधळा नव्हतो हो. वाशी स्टेशनबाहेर तो भेटला, डब्याच्या आकाराची पिशवी काढली आणि खिशातला जेट लायटर तिच्यावर धरला. मी मनात वीस आकडे मोजले. नुसता काळा डाग. पिशवी जड, पाव किलोची तरी असेल, आणि आत हात घालून चाचपली तर बोटं चुरचुरायला लागली. नेरूळला घरी येईपर्यंत खाजवत होतो. बायकोने विचारलं, ‘काय लावून आलात हाताला?’ मी ऐटीत सांगितलं की काचतंतूचे बारीक कण टोचतात, खऱ्या मालाची खूणच आहे ती.

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. लक्षात ठेवा.

मग पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नमुना तो परत घेऊन गेला, ‘अजून दोन गिऱ्हाइकांना दाखवायचाय’ म्हणून. नऊ पिशव्यांचे १२,१५० आणि कुरियरचे २४०, असे १२,३९० रुपये मी माझ्या यूपीआयवरून एकरकमी पाठवले. दोन पिशव्या माझ्या, सात बाकीच्या सहाजणांच्या. पुढाकार कोणाचा? माझा. का? तर ‘तू क्वालिटीवाला आहेस ना, तूच बघ.’

पाच दिवसांनी पार्सल आलं. त्या संध्याकाळपाशी मी अजून अडकून आहे. कुरियरच्या चिठ्ठीवर वजन छापलेलं होतं: १.१ किलो. नऊ पिशव्या, प्रत्येकी पाव किलो धरली तर सव्वादोन किलो व्हायला हव्यात. हा हिशोब मी कारखान्यात दिवसातून वीसदा करतो. चलन, काटा, फरक, माल बाजूला. चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती फाडून कचऱ्यात टाकली आणि पार्सल उघडलं.

पिशव्या मऊ होत्या. हलक्या, चकचकीत, नव्या रेनकोटसारखा वास. आत हात घातला, फिरवला, काही टोचलं नाही. आणि मला बरं वाटलं! ‘ही फिनिशिंग चांगली आहे, खाजत नाही,’ असं मी बायकोला म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काही दिवसांपूर्वीचं माझं भाषण आठवत होतं, मला नाही.

काडी लावून बघावी हेही सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं, पण १,३५० रुपयांच्या नव्या पिशवीला काडी कोण लावतं? शिवणीच्या आत दडलेल्या कापडाच्या कडेचा एक धागा ओढून जाळला असता तरी चाललं असतं. काडीच्या ज्वाळेत काचतंतू जळत नाही, आक्रसत नाही. प्लास्टिकचा धागा आक्रसतो, त्याची काळी गोळी होते. एक धागा, एक काडी. पिशवी कुठूनही घ्या, हे आधी करा.

तिसऱ्या रविवारी माझ्या गाडीने दगडावर कोलांटी खाल्ली आणि थ्री-एस, म्हणजे तीन सेलच्या, पाच हजार एमएएचच्या पॅकचा एक कोपरा चेपला. चेपलेला पॅक चार्ज करू नये हे मलाही माहीत आहे. केला. पाच अँपिअरवर, सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असते ती बॅलन्स लीडची वायर लावून, पिशवीत घालून, बाल्कनीत. चूक माझी, मान्य. पण पिशवी अशाच चुकीसाठी तर घेतली होती ना? हेल्मेट घेणाऱ्याला ‘पडलातच कशाला’ विचारतात का?

पंचवीसेक मिनिटांनी गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास आला. मग फुसफुस. मी उठेपर्यंत पांढरा धूर, आणि बघता बघता पिशवी चुलीजवळ ठेवलेल्या मेणकापडासारखी आक्रसून फाटली. ज्वाळा सरळ बाजूच्या चार्जरवर. बाल्कनीत वाळूची बादली होती म्हणून आज हे लिहितोय. बादली उपडी केली, दार लावलं, आईला आणि मुलीला घेऊन जिन्यात उभा राहिलो. तो धूर विषारी असतो, वीरश्री दाखवत आत थांबू नका. पॅक ४,६५० रुपयांचा, चार्जर ५,२०० चा. दोन्ही गेले. फरशीवरचा डाग अजून आहे, आई रोज सकाळी त्याच्यावर पाय न ठेवता तुळशीला पाणी घालते.

आता सगळ्यात वाईट कबुली. मी त्याला फोटो पाठवले, भांडलो. लांबलचक मेसेज लिहिला: नमुना जड होता, हा हलका आहे, नमुना हाताला खाजत होता, हा खाजत नाही. त्याने दोन तासांनी उत्तर दिलं. ‘दादा, लॉट बदलला वाटतं. नवा पाठवतो. कर आणि परतीच्या कुरियरचे १,१८० टाका, माल आला की परत करतो.’ मी टाकले. डोक्याला धुराचा वास होता, असं म्हणा हवं तर. नंतर ब्लॉक.

मग फेऱ्या सुरू झाल्या. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथे कळलं की माल हातात मिळालाय, म्हणजे हा ‘व्यवहारातला वाद’. आणि रक्कम गोठवायची तर पहिल्या काही तासांत कळवायला हवं होतं. तीन आठवडे पिशवी न जळता घरात पडून होती, कळवणार काय? बँकेने सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात. १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनवर, बाई सौजन्याने बोलल्या, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला. माझ्याकडे एक नंबर आणि गणपतीचा डीपी. बिल? नव्हतं. बिलाशिवाय आलेली गाडी मी कारखान्याच्या गेटातून आत सोडत नाही.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्याला हाक मारली, ‘अरे ऐक, खेळण्यातल्या गाडीच्या बॅटरीच्या पिशवीची केस आहे.’ दोघं हसले. मग मला सल्ला: पैशांचं असेल तर सायबरला जा, आगीचं असेल तर फायर ब्रिगेडचा दाखला आणा. मी म्हटलं, आग बादलीभर वाळूने विझली, ब्रिगेडला बोलावलंच नाही. ‘मग आग लागली कशावरून?’ मी जळकी पिशवी टेबलावर ठेवली. ती उचला म्हणाले, वास येतोय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, मी वाचून गेलो होतो. तिसऱ्यांदा ते बोलूनही दाखवलं, तर, ‘तुम्ही वकील का?’ शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला. दोन सह्या, एक शिक्का, पाच तास आणि कारखान्यातली दीड दिवसाची रजा. पुढे फोन नाही. मी केला तर ‘तपास सुरू आहे’.

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि आपण राहतो तिथे तक्रार करता येते. पण नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवू? म्हणून सांगतो, माल बघायच्या आधी माणसाचा पत्ता आणि बिल बघा. नमुना परत देऊ नका, विकत घेऊन ठेवा. कुरियरची चिठ्ठी फाडू नका. दोन वेळा पैसे मागणाऱ्याला दुसऱ्यांदा देऊ नका, हे मी सांगायला नको खरं तर.

सहाजणांचे ९,४५० रुपये मी माझ्या खिशातून परत केले. कोणी मागितले नव्हते. पण आता मैदानावर कोणी नवं काही घेतलं की माझ्याकडे न बघता आपापसात तपासतात.

परवा मित्राच्या फोनवर त्या माणसाचं नवं स्टेटस बघितलं. तोच लायटर, तोच काळा डाग, गणपतीच्या जागी आता गाडीचा फोटो. खाली लिहिलंय: ‘नवा लॉट. वजनाला हलकी, हाताला खाजत नाही.’ किंमत १,६५०.