आमच्या ऑर्गनचा विमा: दोन वर्षांचा अनुभव

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेल्या त्या वास्तूत आमच्या संचाचे कितीतरी कार्यक्रम झाले होते. फोनवर ज्वाळा बघताना रडू आवरत नव्हतं, आणि एकच विचार येत होता: आज आपलं सामान तिथे विंगेत असतं तर?

नाट्यसंगीताच्या या संचाची व्यवस्था मी 22 वर्षं बघतेय. त्या आगीपर्यंत आमच्या एकाही वाद्याचा विमा नव्हता. टेम्पोचा विमा आहे म्हणजे आतल्या सामानाचाही आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. 2019 मध्ये पावसाचं पाणी शिरून मिक्सर गेला, तेव्हा कळलं की तो विमा फक्त गाडीचा असतो. त्या वेळी खिशातून भरले आणि विषय तिथेच राहिला. कोल्हापूरच्या आगीनंतर मात्र त्याच महिन्यात पुण्यात टिळक रस्त्यावरच्या एका विमा सल्लागारांकडे गेले. एका खोलीचं ऑफिस, माणूस साठीचा.

त्यांनी फॉर्म पुढे केला नाही, ते आमच्या तालमीच्या जागी आले. सतरंजीवर मांडी घालून एकेक वाद्य बघितलं, फोटो काढले, अंगावरचे ओरखडेसुद्धा वहीत लिहिले. यात दोन तास गेले, आणि माझ्या मते या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच. ऑर्गनपाशी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायच्या मोठ्या पेटीपाशी, आल्यावर विचारलं, "याची किंमत?"

"आता असे मिळतच नाहीत हो. बाबांचा आहे."

"मग ताई, आकडा आत्ताच ठरवून पॉलिसीत घालू. नाहीतर उद्या कंपनी म्हणेल, साठ वर्षं जुनं लाकूड, वापराने उतरलेली किंमत, म्हणजे घसारा, कापा."

ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून किमतीची चिठ्ठी आणली, 1,60,000 रुपये. मिरजेहून तानपुऱ्यांची आणली. सगळी मिळून विमा रक्कम 6,40,000 झाली आणि हप्ता जीएसटीसकट 9,062 रुपये. वाद्यांचा हा 'ऑल रिस्क' विमा, म्हणजे पॉलिसीत वगळलेलं सोडून बाकी नुकसान धरणारा, तालमीच्या जागी, प्रवासात आणि रंगमंचावर, तिन्हीकडे चालतो. किंमत मुद्दाम कमी सांगून हप्ता वाचवू नका. लाखाची वस्तू पन्नास हजारांची दाखवली, तर दहा हजारांच्या दुरुस्तीचे पाचच हजार हातात येतात. हे त्यांनी मला कागदावर गणित मांडून दाखवलं.

जानेवारी 2025 मध्ये कराडला निघालो होतो. खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, आमचा टेम्पो चालवणाऱ्या दादांनीही मारला, आणि मागून जो आवाज आला तो अजून कानात आहे. "ताई, दोरी नाही सुटली, खालची फळीच सरकली," दादा म्हणाले. ऑर्गन स्पीकरवर आदळला होता. मागची फळी चिरली होती, भात्याचं कातडं शिवणीला फाटलं होतं. पेडल मारलं की सुराऐवजी नुसती फसफस. मी तिथेच सल्लागारांना फोन लावला. म्हणाले, "हात लावू नका. आधी फोटो, आणि विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर नुकसान बघेपर्यंत दुरुस्ती नाही." कार्यक्रम उसन्या पेटीवर केला.

सर्व्हेअर चौथ्या दिवशी आले. त्यांनी ऑर्गन कधी उघडलेला बघितला नव्हता. कारागिराने भाता वर उचलून फाटलेल्या कडेतून चार बोटं आरपार घातली आणि सांगितलं, "साहेब, हा हवा आत ओढतो. इथून हवा शिरली की सूर उठत नाही." सर्व्हेअर वाकले, स्वतः बोट घालून बघितलं आणि लिहून घेतलं. माणूस सरळ होता. बिल 41,500 चं झालं. त्यातले पॉलिशचे 5,500 त्यांनी धरले नाहीत आणि 2,500 ठरलेली वजावट, म्हणजे आपणच सोसायचा वाटा. हातात 33,500 आले, पण 47 दिवसांनी. एवढ्या काळात कारागिराला मीच पैसे दिले. हा उशीर मला पटला नाही. पॉलिसीचा एक कागदही मराठीत नाही, हेही पटलं नाही. आमच्यातल्या तबलजींना स्वतःच्या तबल्यावर काय लागू आहे ते वाचता येऊ नये?

आणखी काय बसत नाही तेही सांगते. तुटलेल्या तारा, तबल्याची फुटलेली पुडी, हवेने फुगलेलं लाकूड: काही मिळत नाही. रात्री गाडी राखणीविना उभी असताना चोरी झाली तरी नाही. म्हणून आता मुक्कामी दादांची गादी टेम्पोतच पडते आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे देतो.

कार्यक्रम रद्द होण्याचा विमा वेगळा. बंदिस्त नाट्यगृहातल्या आमच्या छोट्या कार्यक्रमांना तो घेऊ नका, असं सल्लागार स्वतःच म्हणाले, त्यांचं कमिशन बुडत असताना. गेल्या दिवाळीत मात्र बागेतल्या पहाटेसाठी घेतला, कारण परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. त्यात पावसाचं कलम वेगळे पैसे भरून घालावं लागतं. पाऊस आला आणि रसिक कमी आले, एवढं पुरत नाही. कार्यक्रम घेणंच अशक्य व्हायला हवं. मिळतो तो मंडप, ध्वनी, छपाई असा बुडालेला खर्च. गायकाचा घसा बसला तर त्याचं कलम आणखी वेगळं, नाव आधी दिलेलं हवं आणि डॉक्टरांचा दाखला हवा. साथीच्या रोगाचं तर कोविडनंतर बहुतेक ठिकाणी वगळलेलंच असतं. स्वाइन फ्लूमुळे 2009 चा सवाई गंधर्व संगीत महोत्सव डिसेंबरमधून जानेवारीत गेला होता, ते पुणेकर विसरलेले नाहीत. अशा वेळी आजची ही पॉलिसी कामाची नाही, हे धरूनच चाला.

वाद्यांच्या विम्याला मी पाचपैकी चार देईन, कार्यक्रमाच्या विम्याला अडीच. सल्लागारांना पाच.

ऑगस्टअखेर नूतनीकरण आहे. त्याआधी मिरजेला जाऊन तानपुऱ्यांची नवी चिठ्ठी आणायची आहे. हातातली 2024 ची आहे आणि भाव तेव्हाचे राहिलेले नाहीत.