बेड अलार्म घ्यावा का? डबा चांगला आहे, पण तो वाजल्यावर कोण धावतं ते आधी ठरवा

पेशंट पलंगावरून उठायला लागला की वाजणारा बेड अलार्म आमच्या मेडिसिन वॉर्डात आला, तेव्हापासून दुसऱ्या वॉर्डांच्या सिस्टर मला एकच विचारतात, घ्यायचा का? मी वॉर्डची इनचार्ज आहे, रात्रपाळ्याही भरपूर केल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगायचं तर मोजकेच घ्या, सरसकट सगळ्या पलंगांना लावू नका. आणि डबा वाजल्यावर जायचं काम एकट्या सिस्टरचं नाही, हे वॉर्डात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाशी बोलून आधी पक्कं करा. ते होत नसेल तर पैसे वाचवा.

वस्तू साधी आहे. चादरीखाली अंथरायचं पातळ पॅड, त्याची वायर, आणि पलंगाच्या डोक्याशी अडकवायचा छोटा डबा. पॅडवरचं वजन उठलं की डबा वाजतो. नर्स कॉलला, म्हणजे पेशंटने सिस्टरला बोलवायच्या बेलला, जोडला तर नर्सिंग स्टेशनवरही वाजतो. पॅड कुठे ठेवता त्यावर बरंच अवलंबून आहे. कमरेखाली ठेवलं तर पेशंट पाय खाली सोडून कडेला बसला तरी थोडं वजन पॅडवर राहतं, आणि डबा वाजतो तो जवळजवळ उभा राहिल्यावर. खांद्याखाली ठेवलं तर डोकं उचलताच वाजतो, पण मग नुसती कूस बदलली तरी वाजतो. झटकन उठणाऱ्या, गोंधळलेल्या पेशंटला आम्ही खांद्याखाली लावतो, सावकाश हलणाऱ्याला कमरेखाली. एक-दोन सेकंद थांबून वाजायची सोय आहे. खोटी बोंब त्याने कमी होते, पण घाईने उठणाऱ्या पेशंटसाठी तेवढाही उशीर परवडत नाही. फार हडकुळ्या पेशंटचं वजन पॅडला नीट कळत नाही. हवेच्या गादीवर तर आमच्याकडे तो उगाचच वाजत राहिला, म्हणून तिथे लावणं सोडून दिलं.

आता मुद्द्याचं. डबा वाजतो तेव्हा पेशंटचे पाय जमिनीकडे निघालेले असतात. तुमच्या हातात उरतात ते काही सेकंद, आणि तेवढ्यात नर्सिंग स्टेशनवरून धावत पोचणं बहुतेक वेळा जमत नाही.

पहाटेचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. दोन सिस्टर ड्युटीवर, एक इंजेक्शनं भरतेय, दुसरी दम लागलेल्या पेशंटजवळ. मावशी बाथरूम धुतायत, लॅबचा मुलगा रक्त घेत फिरतोय, एक्स-रेवाला पोर्टेबल मशीन ढकलत आलाय. अशा वेळी एका आजोबांचा डबा वाजला. हार्टचे पेशंट, लघवीचं औषध चालू, हाताला सलाईन. एक्स-रेवाला शेजारच्याच पलंगाशी उभा होता. त्याने आजोबांकडे पाहिलं, मग नर्सिंग स्टेशनकडे पाहिलं, आणि तिथेच थांबला. सिस्टर हातातलं ठेवून पोचली तोवर आजोबा सलाईनच्या स्टँडसकट खाली आले होते. कपाळाला खोक पडली, हाड मोडलं नाही. सीटी स्कॅन झाला, घरी फोन गेला. त्यानंतर कित्येक दिवस आजोबा कोणी धरल्याशिवाय पलंगावरून उतरायला तयार नव्हते. चालते माणूस होते ते.

मी नंतर त्या एक्स-रेवाल्याशी बोलले. तो म्हणाला, "सिस्टर, पेशंट तुमचा. मी हात लावला आणि काही झालं, तर माझ्यावर येणार ना?" त्याची भीती खरी होती. अशा वेळी त्याने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग वॉर्डात जे ठरलं ते लिहिते, कारण डब्याच्या खोक्यात हे मिळत नाही. डबा वाजला, किंवा डबा नसलेला पेशंट एकटा उठताना दिसला, की जो सगळ्यात जवळ आहे तो जातो. डॉक्टर असो, वॉर्डबॉय मामा असो, लॅबचा मुलगा असो, बिलिंगमधून फाइल घ्यायला आलेला माणूस असो. ज्याला पेशंट हाताळायचं शिक्षण नाही त्याने पेशंटला उचलायचं नाही, चालवायचं नाही. समोर उभं राहायचं, नाव घेऊन बोलायचं, "आजोबा, जरा बसा, सिस्टर येतायत" म्हणायचं, बेल दाबायची आणि कोणी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. पेशंट खाली पडलाच असेल तर बगलेत हात घालून ओढून उठवायचं नाही. डोकं, मान, खुबा तपासल्याशिवाय हलवलं तर झालेली इजा वाढू शकते. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड गेलंय असं धरूनच पुढचं करायचं. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर डोक्याला लागलेलं नाही असं पेशंट म्हणाला तरी डॉक्टरांनी बघितलंच पाहिजे.

बऱ्याच हॉस्पिटलांत याला 'नो पास झोन' म्हणतात. बेल लागलेल्या खोलीसमोरून कोणीही, कुठल्याही हुद्द्याचा, तसाच पुढे जायचा नाही. बोलायला सोपं आहे. खरं काम आहे ते प्रत्येक पाळीच्या, प्रत्येक नव्या माणसाला हे पुन्हा सांगण्याचं. कामावर रुजू झालेल्या नव्या मामांना आम्ही चादर घालायला शिकवायच्या आधी हे दाखवतो.

आणि यात सगळ्यात पुढे कोण निघालं, तर मावशी. त्यांना डबा वाजायच्या आधी कळतं. पेशंटने पांघरूण सारलं, पायाने चप्पल चाचपायला लागला, रेलिंगवर हात ठेवला, की त्यांचा मॉप भिंतीला लागलेला असतो. चष्मा हाताशी आहे का, पाणी हाताशी आहे का, बेलची वायर गादीखाली गेली नाही ना, हे त्या जाता-येता बघतात. पूर्वीही बघत असतील, पण तेव्हा पाळी बदलताना ओव्हर देताना त्यांना कोणी विचारत नव्हतं. आता विचारतो.

कंपनीचा माणूस 'पडणं बंदच होईल' असं सांगेल. विश्वास ठेवू नका. २०१२ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय जर्नलमध्ये रोनाल्ड शोर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. एका हॉस्पिटलची १६ युनिट्स, २७ हजारांहून जास्त पेशंट. अर्ध्या युनिट्सना अलार्म वापरायचं शिक्षण आणि मदत दिली. अलार्मचा वापर वाढला, पडण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१६ मध्ये 'बीएमजे' या जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या २४ वॉर्डांचा अभ्यास आला. त्यात अलार्म, अगदी खाली उतरणारे पलंग, धोक्याच्या पाट्या अशी सहा गोष्टींची जोडणी होती, तरी पडणं कमी झालं नाही. उलट संशोधक पॅट्रिशिया डाइक्स यांच्या गटाने पेशंट आणि घरच्यांसोबत बसून 'तुम्ही का पडू शकता आणि आपण काय करायचं' याचा तक्ता बनवला आणि तो पलंगाजवळ लावला. १४ युनिट्समध्ये पडणं १५ टक्क्यांनी आणि इजा होणारं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. ते २०२० मध्ये छापून आलं. म्हणून आमच्याकडे डबा लावताना सिस्टर पेशंटला आणि सोबतच्या माणसाला तो का लावतोय ते सांगते. न सांगता लावला तर पेशंटला वाटतं आपल्यावर पहारा बसवलाय, आणि तो वायर काढून ठेवतो.

कोणाला लावायचा? पडण्याचा धोका मोजायच्या मॉर्स स्केलवर ४५ किंवा जास्त गुणांचे सगळे म्हणाल तर अख्खा वॉर्ड वाजेल. सलाईनचे २०, सोबत दुसरा आजार असेल तर १५, अशक्त चाल १०, झाले की ४५. मेडिसिन वॉर्डात असे नसलेले पेशंटच थोडे. आम्ही बघतो ते दोनच. पेशंट स्वतःच्या पायावर उठू शकतो का, आणि बेल वाजवायची आठवण त्याला राहते का? उठू शकतो पण आठवण राहत नाही, त्याला डबा. धडधाकट चालणाऱ्याला मुळीच नको. वाजेल या भीतीने माणूस पलंगातच पडून राहतो, पाय आणखी अशक्त होतात, आणि मग तो खरोखर पडतो. याबद्दल आमच्या फिजिओ मॅडम माझ्यापेक्षा जास्त आग्रही आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

मला या वस्तूचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो कुठल्याही माहितीपत्रकात नाही. डबा कधी वाजला ते आम्ही लिहून ठेवायला लागलो. वेळ आणि पेशंट का उठत होता, एवढंच. एका आजींचा डबा रोज पहाटे साधारण एकाच वेळी वाजायचा, कारण लघवी. मग त्यांना त्याआधी अर्धा तास मामा आणि सिस्टर मिळून बाथरूमला न्यायला लागले आणि डबा गप्प झाला. दुसऱ्या एकांचा संध्याकाळनंतर सारखा वाजायचा. चार्ट बघितला तर लघवीच्या औषधाचा दुसरा डोस संध्याकाळी होता. डॉक्टरांनी तो दुपारवर आणला. झोपेच्या गोळीनंतर वाजत असेल तर ते फार्मासिस्टना दाखवतो. उभं केल्यावर बीपी घेतो. तीन मिनिटांत वरचं २० ने उतरलं तर तो पेशंट एकदम उभा राहायचाच नाही, आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे. हे सिस्टर, डॉक्टर, फिजिओ, मामा, सगळ्यांना एकाच वेळी माहीत असायला हवं, म्हणून ते पलंगाच्या पाटीवर लिहितो.

उणिवाही आहेत. पेशंट एक्स-रेला जाऊन आला की डबा बंद राहतो. 'चालू' करायचं काम कोणाचं हे ठरलेलं नसेल तर तो दिवसभर बंदच. आमच्याकडे जो पेशंटला परत पलंगावर झोपवतो तो चालू करतो आणि दिवा लागल्याचं बघतो. बहुतेक वेळा ते मामा असतात. वायर पलंगाच्या उतरायच्या बाजूने काढली तर तिच्यातच पाय अडकतो, म्हणून भिंतीच्या बाजूनेच घ्या. आवाज कर्कश आहे, आधीच भ्रमात असलेला पेशंट त्याने आणखी बिथरतो. शक्य तिथे आम्ही डब्याचा आवाज कमी करून कॉरिडॉर आणि नर्सिंग स्टेशनचा चालू ठेवतो. पॅडच्या कडा चिरल्या की आत पाणी जातं, ते टाकून द्यायचं. पॅड वापरायला काढल्याची तारीख त्याच्यावरच मार्करने लिहा, नाहीतर मुदत संपलेलं पॅड फिरत राहतं.

पडल्यावरची एक गोष्ट वरिष्ठांनी वाचावी अशी आहे. 'ड्युटी कोणाची होती?' हा पहिला प्रश्न असेल, तर पुढच्या वेळी एक्स-रेवाला नक्की लांब उभा राहील. आमच्याकडे पेशंट सावरला की तिथेच, पलंगाजवळ, त्या वेळी हजर असलेले सगळे थोडा वेळ उभे राहून बोलतात. काय झालं, जमीन ओली होती का, चप्पल कुठे होती, डबा चालू होता का? पेशंटलाही विचारतो, आणि कितीदा तरी खरं कारण तोच सांगतो.

वस्तूला मी पाचपैकी तीन देईन. डेमो मागाल तेव्हा दुपारी मीटिंग रूममध्ये घेऊ नका. रात्री वॉर्डात घ्या, दारं लावून, आणि लिननच्या खोलीतून, बाथरूममधून, डॉक्टरांच्या ड्युटी रूममधून आवाज ऐकू येतो का ते बघा. त्या डेमोला मामा आणि मावशींना बोलवा, आणि पॅड त्यांच्याकडूनच अंथरून घ्या.