पान उलटून बघा, मग पैसे मोजा: फोर्टातलं जुन्या छापील चित्रांचं दुकान

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या सफरी, आफ्रिकेतले शोधप्रवास, ऑस्ट्रेलियात सोनं शोधणाऱ्यांचे तंबू, अमेरिकेतल्या ओंडक्यांच्या झोपड्या. असल्या विषयांची जुनी छापील चित्रं एका जागी बघायला मिळतील असं दुकान फोर्टात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना लाकडी आणि अंधारा. आत नकाशे ठेवायची सपाट खणांची लोखंडी कपाटं, मधे एक मोठं टेबल. मुंबईची जुनी दृश्यं इतरत्रही सापडतात. जगाच्या दुसऱ्या टोकांचा इतका माल सहसा नाही. माल बहुतेक अस्सल आहे. भानगड आहे ती चित्रांना लावलेल्या चिठ्ठ्यांची आणि त्याहून जास्त फ्रेमांची.

सगळ्यात भरलेले खण 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या सुट्या पानांचे. हे लंडनचं सचित्र साप्ताहिक १४ मे १८४२ ला सुरू झालं. १८६९ मध्ये निघालेल्या 'ग्राफिक' या दुसऱ्या साप्ताहिकाचीही पानं याच गठ्ठ्यांत मिसळलेली आहेत. पान साधारण ४० बाय २८ सेंटिमीटर, भाव दीड हजारापासून. दुहेरी पान त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. ही चित्रं तांब्यावरची नव्हेत, बॉक्सवूडच्या आडव्या कापावर कोरलेली. या झाडाचं खोड बारीक असतं, म्हणून लहान ठोकळे मागून बोल्टने आवळून मोठा ठोकळा बनवत. बातमी ताजी हवी म्हणून ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटून देत आणि कोरून झाले की पुन्हा जोडत. भिंगाखाली आकाशाच्या रेघा बघा: जिथे जोड नीट बसला नाही तिथे केसाएवढी पांढरी रेघ सरळ खालपर्यंत उतरलेली दिसते. तिला खराबी समजून भाव पाडायला जाऊ नका, ती अस्सलपणाची खूण आहे. पान उलटलं की मागे त्याच आठवड्याचा मजकूर हवा. मागची बाजू कोरी दिसली तर ती पुरवणी आहे की झेरॉक्स, एवढं विचारून घ्या.

खाली 'आमच्या खास चित्रकाराच्या रेखाटनावरून' अशी इंग्रजी ओळ असते. रेखाटन तिकडचं, पण ठोकळ्यावर चित्र उतरवणारा लंडनमध्ये बसलेला. त्यामुळे आफ्रिकेतला माणूस आणि न्यूझीलंडचा माओरी यांचे चेहरे कधीकधी एकाच साच्यातले वाटतात. घेणाऱ्यानं हे धरूनच चालावं. ही पानं तिकडचं जग जितकं दाखवतात तितकीच लंडनची नजरही दाखवतात.

रंगीत पानांपासून मात्र जरा लांब राहा. या साप्ताहिकांची बातम्यांची पानं काळ्या शाईतच छापली जात. दुकानात जी रंगवलेली लटकतायत त्यातली बहुतेक अलीकडे जलरंगानं रंगवलेली आहेत आणि त्यांचाच भाव जास्त लावलाय. ओळखायचं कसं? जुन्या कागदावर तांबूस ठिपके आधी पडलेले असतात आणि नवा रंग त्यांच्यावरून जातो. जुन्या ताम्रछापांवर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांवर, तांब्याच्या गंजाचा हिरवा रंग वापरलेला असेल, तर दोनशे वर्षांत त्यानं कागद जाळलेला असतो. पान उलटलं की झाडांच्या बरोबर मागे तपकिरी छाप दिसते. हिरवं गर्द आणि पाठ स्वच्छ, तर शंका घ्यायला जागा आहे.

आता कुक. १४ फेब्रुवारी १७७९ ला तो हवाईत मारला गेला. तिसऱ्या सफरीचा अधिकृत वृत्तांत १७८४ मध्ये तीन खंडांत निघाला. त्यातली चित्रं जॉन वेबर या सफरीवरच्याच चित्रकाराची. दुकानात 'कुक, १७८४, मूळ' अशी एकच चिठ्ठी दोन वेगवेगळ्या वस्तूंना लावलेली आहे. एक म्हणजे त्या वृत्तांतातली पानं: चौकट साधी, रेघ नाजूक, घड्या पडलेल्या. दुसरी म्हणजे अलेक्झांडर हॉग या लंडनच्या प्रकाशकानं त्याच सुमारास भागाभागांनी विकलेल्या स्वस्त संग्रहातली. तिच्यात तेच प्रसंग पुन्हा कोरलेले, रेघ जाडी, आणि भोवती भिंतीवरच्या आरशासारखी नक्षीदार चौकट. दोन्ही जुनी, दोन्ही तांब्यावरची, खोटं यात काहीच नाही. पण एक वृत्तांतातलं मूळ चित्र आणि दुसरं त्याची नक्कल, आणि भाव दोघांचा जवळजवळ सारखा! नक्षीची चौकट दिसली की निम्म्याखाली बोलायला सुरुवात करा. चित्राखाली डावीकडे 'डेल.' म्हणजे काढणारा, उजवीकडे 'स्कल्प.' म्हणजे कोरणारा. ती ओळच कापली गेली असेल तर फ्रेममध्ये बसवायला कुणीतरी कात्री चालवलेली आहे. तांब्याचा पत्रा दाबल्याची खाच चारी बाजूंनी बोटाला लागली पाहिजे. मात्र खाच आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, नव्या नकलांवरही खोटी खाच दाबता येते. भिंगाखाली शाईची रेघ कागदावर किंचित उभी राहिलेली दिसते का, ते बघा.

शिळाछापाचा, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायचा, प्रकार निराळा. आपल्याकडच्या शिळाछाप पोथ्या ज्यांनी हाताळल्यात त्यांना चटकन कळेल: खाच नाही, रेघेला खडूचा रवा. एस. टी. गिल या चित्रकारानं १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या खाणींवर जाऊन जे पाहिलं त्याचे शिळाछाप प्रसिद्ध आहेत. दुकानात त्यांची दोन छोटी पानं आहेत, दोन्ही चांगल्या स्थितीत, आणि भाव रास्त. १८८६ ते १८८८ मध्ये सिडनीत निघालेल्या 'पिक्चरेस्क ॲटलास' या सचित्र ग्रंथाची पानं मात्र ढिगानं येतात. त्यांना दुर्मीळ म्हणणं जरा जास्तच झालं.

दर्शनी भिंतीवर 'करियर अँड आइव्ह्ज' या न्यूयॉर्कच्या छापखान्याचं १८६८ चं चित्र आहे: फॅनी पामर हिनं काढलेली आगगाडी, डाव्या हाताला वसाहतवाल्यांच्या झोपड्या आणि शाळा, उजवीकडे घोड्यांवरचे दोन मूळ रहिवासी, इंजिनाचा धूर नेमका त्यांच्याच अंगावर. चित्र मोठं बोलकं आहे, पण ही प्रत शिळाछाप नाही. दहा पट भिंग लावलं की निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची फुलं दिसतात. म्हणजे ऑफसेट, आजची यंत्रावरची छपाई. फ्रेमच्या मागे पेन्सिलीनं 'रीप्रिंट' लिहिलेलं आहे. पुढच्या चिठ्ठीवर नाही. विचारलं तर मालक खरं सांगतात, न विचारता नाही.

आफ्रिकेच्या खणात लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाची बरीच पानं आहेत आणि चिठ्ठीवर फक्त 'आफ्रिका'. निदान महाराष्ट्रातल्या दुकानानं तरी एवढं लिहायला हवं होतं की १८६६ च्या मोहिमेत त्यानं नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेले, गुलामीतून सोडवलेले आफ्रिकी तरुण बरोबर नेले होते. त्याच मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट पुढे त्याचं शव घेऊन इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता. या खणात हात घालणाऱ्यानं साप्ताहिकांची १८७४ ची पानं आधी चाळावीत.

फ्रेम इथून करून घेऊ नका. मागे हार्डबोर्ड, चित्राच्या चारी कडांना चिकटपट्टी, वर काच थेट कागदाला टेकलेली. हार्डबोर्डातलं आम्ल कागदात उतरतं. पट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कायमचा मुरतो. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते, तेव्हा कागद फुगतो आणि दिवाळीनंतर आक्रसतो. चारी बाजू जखडलेल्या असल्या की तो पोळीसारखा फुगे धरतो किंवा कडेला फाटतो. पान सुटं घ्या आणि आपल्या फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: मागेपुढे आम्लरहित माउंट (जाड पुठ्ठा), चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्यांवर गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं टांगलेलं, बाकी तीन कडा मोकळ्या. खळ पाण्यानं सुटते, म्हणून पन्नास वर्षांनीही दुरुस्ती करता येते. काच आणि कागद यांत माउंटच्या जाडीएवढं अंतर राहू द्या. लॅमिनेशनचं नावही काढू देऊ नका. टांगताना पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत टाळा आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. कसर लागलेलं पान असेल तर आधी महिनाभर बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

जुन्या फ्रेममधलं चित्र घेणार असाल तर दुकानातच फ्रेम उघडायला लावा. ते कुरकुरतात, पण उघडतात. माउंटच्या आतल्या कडेशी तपकिरी चौकोन उमटलेला असेल तर तो जात नाही. भाव त्या हिशेबानं बोला.

अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावस्तूत मोडू शकते आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पार्सल करण्याआधी ती पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याकडून लेखी दाखला घ्या. दुकानाचं बिल नुसतं 'जुनं चित्र' असं येतं. त्यावर प्रकाशनाचं नाव, वर्ष आणि छपाईचा प्रकार लिहून मागा. मागितलं की देतात.